अर्डिसबाईंचं गाईचं गणित

अर्डिस हॅल्व्हर्सनने नवा कोट घेतला की एक बाही उसवून सैल करून घ्यावी लागते, कारण तिचा उजवा दंड डाव्याच्या दीडपट आहे. बाविसाव्या वर्षापासून ती दूध संघासाठी गायी भरवत फिरते. पिकअपच्या मागे नायट्रोजनची टाकी, टाकीत वळूंच्या गोठवलेल्या वीर्याच्या कांड्या, सीटवर खांद्यापर्यंत येणारे प्लास्टिकचे हातमोजे, आणि रेडिओवर लागेल ते गाणं, मोठ्या आवाजात. व्हिस्कॉन्सिनच्या ह्या टेकड्यांत गाय नेमकी रस्ता बर्फाने बंद असेल त्याच दिवशी माजावर येते. अर्डिस तरी पोचते. सुरुवातीला शेतकरी तिला बघून म्हणायचे, "आज वळू स्कर्ट घालून आलाय वाटतं!" ती हातमोजा चढवत म्हणायची, "हो, आणि फुलं आणायला विसरलाय. गाईला माझी माफी सांग." दोन वर्षांत थट्टा आपोआप थांबली, कारण तिच्या हातच्या गायी बहुतेक पहिल्याच खेपेला गाभण राहायच्या.

अशा बाईवर खोऱ्यातल्या बायकांनी विश्वास ठेवला यात नवल ते काय? डॉक्टर वीस मैलांवर, त्यातून पुरुष. पाद्रीबुवांना असलं विचारायचं नाही. आईला विचारलं तर ती उठून भांडी घासायला लागते. मग उरली अर्डिस. जिने हजारो गर्भाशयं हाताने चाचपली तिला आपल्या एका गर्भाशयाचं कळत नसेल होय? म्हणून नव्या नवऱ्या, दोन लेकरांच्या आया, तिसऱ्याने धास्तावलेल्या, सगळ्या तिला कधी गोठ्याच्या दाराशी, कधी चर्चच्या पायरीवर गाठायच्या आणि हळूच विचारायच्या, "अर्डिस, मूल नको असेल तर सांभाळायचे दिवस कुठले गं?"

आणि अर्डिस सांगायची. ठणकावून सांगायची. तिथेच सगळा घोटाळा झाला.

गाईचं असं असतं की ती माजावर येते, हंबरते, बळस म्हणजे चिकट स्राव टाकते, दुसऱ्या गाईंच्या अंगावर चढते. मग माज ओसरतो आणि त्यानंतर एक-दोन दिवसांनी शेपटीला जरासं रक्त दिसतं. त्या रक्ताचा अर्थ इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतो: वेळ निघून गेली, आता कांडी वाया घालवू नका, पुढच्या माजाची वाट बघा. अर्डिसला हे वडिलांनी शिकवलं तेव्हा तिचे पुढचे दात पडलेले होते. बाईच्या बाबतीत मात्र तिला कोणीच काही शिकवलं नाही. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी आईने एवढंच सांगितलं, "पामर चांगला मुलगा आहे. रोज आंघोळ करत जा." तेव्हा अर्डिसने स्वतःच डोकं चालवलं. रक्त आलं म्हणजे वेळ गेली. मग पाळी संपली की पुढचे दोन आठवडे बिनघोर, आणि धोका असेल तर तो पुढची पाळी यायच्या आधीच्या आठवड्यात. त्या आठवड्यात पामरने बाकावर झोपायचं. मधल्या दिवसांत मोकळीक.

पाच मुलं झाली.

शहरातले लोक हे वाचून हसतील. खुशाल हसू देत. पाच मुलांचं अर्डिसकडे प्रत्येक वेळी चोख कारण होतं. पहिलं लग्नाच्या गडबडीतलं. दुसऱ्याच्या वेळी पामरला तारीख कळली नाही. तिसऱ्या वेळी उन्हाळा फार कडक होता, माज पुढेमागे होतोच. ती एखादा दिवस इकडे सरकवायची, एखादा तिकडे, पण पाया चुकला असेल हे तिच्या मनातही आलं नाही. शिवाय पाचही पोरं गुटगुटीत, गवत काढायला हात हवेच होते, आणि घरात सतत कोणीतरी कोणाच्या तरी अंगावर ओरडत असायचं हे तिला मनापासून आवडायचं. तिने कधी तक्रार केली नाही. तक्रार करावी असं तिचं आयुष्य नव्हतंच.

तिचा धाकटा लीफ आता शेत बघतो. त्याची बायको मॅरेन नदीकाठच्या शहरातली. घरं एकाच अंगणात: मोठ्या घरात अर्डिस आणि पामर, समोरच्या नव्या घरात लीफ, मॅरेन आणि आठ महिन्यांची इंगा. इंगाच्या जन्माच्या वेळी मॅरेन जायची वाचली. पोट फाडून मूल काढावं लागलं, रक्त थांबेना. डॉक्टरांनी लीफला बाजूला घेऊन सांगितलं की गर्भाशयाची जखम वाईट आहे, दीड वर्ष तरी पुन्हा दिवस जाता कामा नयेत, गेले तर ही बाई हातची जाईल. लीफ त्या दिवशी गोठ्यात गाईच्या मानेला मिठी मारून रडला होता. अर्डिसने ते खिडकीतून बघितलं आणि ती आत गेली नाही.

इंगाच्या बाप्तिस्म्याच्या दिवशी मात्र तिने सुनेला स्वयंपाकघरात गाठलं. "अंगावर पाजतेय म्हणून बिनधास्त राहू नकोस. दुभत्या गाईला गाभण करण्यावर तर आपला सगळा धंदा चाललाय. मी सांगते ते दिवस सांभाळ." आणि तिने आपलं गणित तिला समजावून दिलं. मॅरेनने मान डोलावली.

ऑक्टोबरात चर्चच्या तळघरात लेफसे करायचा दिवस आला. उकडलेल्या बटाट्याच्या ह्या पोळ्या, कागदासारख्या पातळ लाटायच्या, लांब काठीने उचलून तव्यावर टाकायच्या. वर्षाच्या मोठ्या जेवणाला त्या शेकड्यांनी लागतात. सगळ्या बायका एका ठिकाणी सापडतात म्हणून जिल्ह्याची नर्स बाओ वांग त्याच दिवशी फ्लूच्या लसी घेऊन येते. बाओ तिशीची, चणीने लहान, आणि कोणाच्या बापाला न भिणारी.

"लस घेतली त्यांनी पंधरा मिनिटं उठायचं नाही," ती म्हणाली. "तेवढ्यात मी बोलणार आणि तुम्ही ऐकणार. पळून जायची सोय नाही. माझ्याकडे ह्या खोऱ्यातल्या ज्या पोटुशा बाया येतात त्यांतल्या निम्म्या म्हणतात, हे ठरवलेलं नव्हतं. कसं काय हो?"

लाटणी थांबली. तरुण केंड्रा लाजत म्हणाली, "माझा नवरा तर दोन-दोन कंडोम घालतो, एकावर एक. फार काळजी घेतो तो."

"एकमेकांवर घासून दोन्ही फाटतात. एकच घालायचा, पण धड. आणि ठेवतो कुठे?"

"पिकअपच्या खणात."

"म्हणजे हिवाळ्यात गोठतो आणि हीटर लावला की भाजतो. घरात ठेवायला सांग."

व्हर्ना सत्तरीची, विधवा, शनिवारी हॅरल्डबरोबर नाचायला जाणारी. ती पीठ झटकत म्हणाली, "बरं बाई, आमचं दुकान कधीच बंद झालं. आम्हाला ह्यातलं काही नको."

"पाळणा हलायची भीती गेली, व्हर्ना. रोगाची कुठे गेली? हॅरल्डलाही कंडोम लागेल, आणि दोघांनी एकदा तपासून घ्या."

"अगं, हॅरल्ड दर रविवारी चर्चला येतो!"

"रोगपण येतो त्याच्याबरोबर. तो कुठे बाहेर थांबतो?"

तळघर हसण्याने दणाणलं. व्हर्ना लाल झाली, पण हसली तीही. मग कोणीतरी मागून म्हणालं की गोळी नको बाई, गोळीने वांझपण येतं. बाओ म्हणाली, "गोळी थांबवा, बहुतेकींना थोड्याच दिवसांत दिवस राहू शकतात. ह्या भरवशावर गोळी विसरणाऱ्या सगळ्या माझ्याकडे येतात, त्यांना विचारा." आणि मग तिने विचारलं, "आता जे दिवस पाळतात त्यांनी सांगा, कुठले पाळता?"

सगळ्यांनी अर्डिसकडे बघितलं.

अर्डिस तव्याजवळ होती. काठी हातात, गालाला पीठ. बाओने टेबलावर पसरलेल्या पिठात बोटाने एक गोल काढला. "ही पाळी, इथे सुरू. आणि बीज सुटतं ते साधारण इथे, मध्यावर. जपायचं ते इथे. तेही एक-दोन दिवस नाही, आधीचे बरेच दिवस धरून, आणि तरीही चूक होतेच."

"तू उलटं काढलंयस," अर्डिस म्हणाली.

"कुठे?"

"रक्त दिसलं म्हणजे बीज नुकतंच सुटून गेलं. मधे काही नसतं. मधे तर मोकळीक. गेली चाळीस वर्षं मी हेच करतेय, मला शिकवू नकोस."

बायकांनी माना हलवल्या. हे तर सगळ्यांनाच माहीत होतं. बाओने पिठातलं बोट उचललं. मग हळूच म्हणाली, "अर्डिस, तुम्ही गाईचं सांगताय."

"मग?"

"गाईचं ते रक्त बीज सुटल्याच्या वेळचं. बाईचं वेगळं. बाईचं बीज सुटतं, गर्भ राहत नाही, मग दोन आठवड्यांनी आतलं अस्तर गळून पडतं, ती पाळी. दोन्ही लाल, म्हणून एक नव्हेत. तुम्ही सांगता ते मोकळे दिवस म्हणजे नेमके..."

ती वाक्य अर्धवट सोडून बायकांकडे वळली. तिने फक्त विचारलं, "इथे अर्डिसचं गणित कोण कोण पाळतं?"

पिठाने माखलेले हात वर व्हायला लागले. केंड्राचा झाला. तिच्या जावेचा झाला. पाद्रीबुवांच्या बायकोचाही झाला, अर्धाच, कोपरापासून. अर्डिस तिथेच काठी धरून उभी होती आणि तिच्या डोक्यात एकामागून एक गोष्टी जागच्या जागी बसत होत्या. हाताने चाचपून जिला सगळं कळतं तिला समजावून सांगावं लागत नाही. तो गोल बरोबर होता. पाचही पोरांचे महिने त्या गोलात चपखल बसत होते. तव्यावरची पोळी करपली.

"म्हणजे माझी धाकटी तिघं तुझी गं!" व्हर्ना ओरडली, आणि बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसायला लागल्या. अर्डिसही हसली असती. पण तिला मॅरेनचं डोलणारं डोकं आठवलं. तिने काठी व्हर्नाच्या हातात कोंबली आणि एप्रनसकट जिना चढून गेली.

मॅरेन सोफ्यावर कपड्यांच्या घड्या घालत होती. इंगा तिच्या पायाशी एका चमच्याशी झटापट करत होती. अर्डिस दारातच उभी राहिली. आयुष्यात ती खोटं कधी बोलली नव्हती, पण "मी चुकले" हेही तिला फारसं म्हणावं लागलं नव्हतं.

"मॅरेन, मी तुला सांगितलं ते सगळं चूक आहे. उलटं आहे. मी गाईचं सांगत होते. ते दिवस पाळत असशील तर आजपासून बंद कर. आणि मला सांग, तुझी पाळी..."

मॅरेनने तोंडावर हात धरला. ती हसत होती. "अर्डिस, बसा. बसा आधी. मी ते कधी पाळलंच नाही हो. आम्हाला शाळेत शिकवलं होतं. मी नुसती मान डोलावली."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं. तुम्ही इतक्या मनापासून सांगत होता."

अर्डिस धपकन बसली. जीव भांड्यात पडला, आणि त्याच वेळी तिला रागही आला, सुनेचा आणि त्याहून स्वतःचा. "मला वाईट वाटू दे गं! मला वाईट वाटलेलं चालेल. तू मेलेली चालणार नाही मला. कळलं?"

मॅरेनचं हसू ओसरलं. तिने सासूच्या पीठ लागलेल्या हातावर हात ठेवला. "गोळीने दूध कमी होतं असं माझी मावशी म्हणाली, म्हणून ती सोडली. आम्ही कंडोम वापरतो. प्रत्येक वेळी. लीफ फार जपतो."

इंगाने तेवढ्यात दुपटं ओलं केलं. "थांब, मी बदलते," अर्डिस म्हणाली आणि तिला उचलून झोपायच्या खोलीत गेली. हातांना काहीतरी काम हवंच होतं. पलंगावर तिने नातीला आडवी केली, जुनं काढलं, नवं गुंडाळलं, आणि पिन शोधायला उशाच्या मेजाकडे हात नेला. मेजावर हिरवा डबा होता. कासेच्या मलमाचा.

आता हा डबा इथे प्रत्येक घरात असतो. गाईच्या सडांना भेगा पडू नयेत म्हणून तो बनला, पण हिवाळ्यात हातांना, ओठांना, पोरांच्या गालांना, सगळ्याला तोच. अर्डिसने तो बाजूला सरकवला असता. पण झाकण उघडं होतं आणि डब्याच्या शेजारी कंडोमचं पाकीट होतं.

ती इंगाला कडेवर घेऊन बाहेर आली. "मॅरेन, हे मलम हाताला लावतेस ना?"

मॅरेनचे कान लाल झाले. "पाजायला लागल्यापासून... कोरडं राहतं हो. दुखतं. लीफ म्हणाला, हे गाईंना चालतं, नैसर्गिक आहे..."

"देवा!" अर्डिस म्हणाली. "रबराला चरबी?"

मॅरेनला काही कळलं नाही. ती शहरातली. पण गोठ्यात वाढलेल्या माणसाला हे कळायलाच हवं होतं. धार काढायच्या यंत्राचे सडांवर बसणारे रबरी लायनर दुधातल्या स्निग्धांशाने फुगतात, मऊ पडतात, त्यांना बारीक चिरा जातात, म्हणून ठरलेल्या मुदतीने ते फेकून द्यायचे असतात. ते काम ह्या घरात कोण करतं? लीफ.

"एकदाही फाटला नाही?"

मॅरेनने हातातली घडी पुन्हा मोडली. मग म्हणाली, "काल. लीफ म्हणाला, जरासाच."

"पाळी कधी आली होती?"

तिने सांगितलं. अर्डिसने मघाचा पिठातला गोल डोळ्यांसमोर आणला आणि नव्या गणिताने पहिल्यांदाच मोजलं. मध्यावर. अगदी मध्यावर.

ती कुठे रडत बसणारी नव्हती. तिने भिंतीवरचा फोन उचलून चर्चच्या तळघराला लावला. उचलला व्हर्नाने.

"बाओला दे."

"का गं? एवढी धापा का टाकतेस? मॅरेनचं काही..."

"व्हर्ना, बाओला दे म्हटलं ना!"

सगळं तळघर कान लावून ऐकत असणार हे तिला ठाऊक होतं. आयुष्यभर बायकांनी तिला कुजबुजत विचारलं होतं, आज तिला ओरडून विचारायची वेळ आली होती. तिने विचारलं. बाओने तिकडून शांतपणे सांगितलं: आजच औषधाच्या दुकानातून रात्रीनंतरची गोळी आणा, जितकी लवकर तितकी चांगली. दुधाला काही होत नाही. नंतर पाळी आली नाही तर लगेच माझ्याकडे या.

"पण बाओ," अर्डिसचा आवाज उतरला, "ती गोळी म्हणजे पाडणंच ना? पाद्रीबुवांची बायको म्हणते."

"रुजलेलं ती मोडत नाही. ती बीजाला थांबवून धरते, सुटूच देत नाही. आणि अर्डिस, बीज आधीच सुटलं असेल तर तिचा उपयोग नाही. म्हणून बोलत उभ्या राहू नका."

हे अर्डिसला एका क्षणात समजलं. तिने फोन ठेवला नाही, टाकला. पामरच्या हातात इंगा दिली, मॅरेनला पिकअपमध्ये बसवलं आणि वीस मैल अशी गाडी हाकली की मागच्या टाकीतल्या कांड्या खुळखुळत होत्या. अर्ध्या रस्त्यात मॅरेन म्हणाली, "मी आत नाही जाणार. तिथे लीफच्या वर्गातला मुलगा असतो." अर्डिस म्हणाली, "तू बस. मी जाते."

काउंटरवर खरंच लीफच्या वर्गातला मुलगा होता. अर्डिस त्याच्यासमोर उभी राहिली आणि वळूची कांडी मागवावी तितक्या खणखणीत आवाजात म्हणाली, "रात्रीनंतरची गोळी दे. तारीख संपलेली नको."

तो बावरला. तिचे पांढरे केस, पिठाचा एप्रन. "तुमच्या... तुमच्यासाठी का?"

"तुला तसं वाटलं असेल तर आभारी आहे रे बाबा. दे लवकर."

मॅरेनने गाडीतच गोळी घेतली, अर्डिसच्या थर्मासमधल्या गार कॉफीबरोबर. समोर मक्याने भरलेले ट्रक जात होते. मॅरेन एकदम रडायला लागली आणि अर्डिसने आपला तो जाडा हात तिच्या खांद्यावर टाकला. तिला फार वाईट वाटत होतं आणि ही पोरगी आपल्याजवळ बसून रडतेय याचा आनंदही होत होता.

संध्याकाळच्या धारेला ती गोठ्यात गेली. लीफ लायनर धूत होता. तिने कचऱ्याच्या डब्यातून एक जुना, फुगलेला लायनर उचलून त्याच्यासमोर धरला. "हा असा कशाने झाला?"

"लोण्याने. स्निग्धांश शोषून घेतं ना रबर. हे काय विचारणं झालं, आई?"

"आणि कासेच्या मलमात काय असतं?"

लीफचा चेहरा मानेपासून वर लाल होत गेला. "मॅरेनने सांगितलं तुला?"

"डब्याने सांगितलं. काम झालंय, गोळी घेतलीय तिने. आता तिची पाळी येईपर्यंत तू बाकावर झोपायचंस. त्यानंतर बाओ तिच्या दंडात एक औषधाची काडी बसवून देणार आहे, काही वर्षं बघायला नको. आणि कोरडं पडत असेल तर त्याचं पाण्याचं जेल मिळतं दुकानात, ते मी आणलंय. तुझ्या बुटात ठेवलंय."

"बुटात?"

"मग काय जेवणाच्या टेबलावर ठेवू?"

त्याने लायनर हातात घेतला, दाबला, त्याच्या चिरा बघितल्या. "आई, तिला काही झालं असतं तर..." अर्डिसने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. लहानपणी पडल्यावर घालायची तसाच.

पामरला तिने जेवताना सांगितलं. चाळीस वर्षांचं गणित उलटं होतं, पाचही पोरं त्यामुळेच झाली, आपण मोकळे म्हणायचो ते दिवस खरे धोक्याचे होते. पामर बटाटा कुस्करत राहिला.

"मला वाटायचंच," तो म्हणाला.

"वाटायचं? दुसऱ्या पोरानंतर वाटलं असेल तर तेव्हाच बोलायचं नाही का?"

"कशाला? मला ते दिवस आवडायचे."

अर्डिसने त्याच्याकडे बघितलं. म्हातारा गालात हसत होता. तिला हसू आवरेना, इतकं की ठसका लागला आणि पामरला उठून पाणी आणावं लागलं.

पुढचे आठवडे ती जिथे गाय भरवायला गेली तिथे आधी घरात शिरली. "मी सांगितलं होतं ते खोडा," म्हणायची आणि टेबलावर बोटाने गोल काढायची. काही ठिकाणी हसल्या, एका घरी दार लावून घेतलं. तिचं खरं लक्ष मात्र त्या सगळ्यात नव्हतं. रोज सकाळी ती कॉफी घेऊन समोरच्या घरी जायची, मॅरेनकडे बघायची, मॅरेन मान हलवायची: नाही. मग दोघी इंगाशी खेळायच्या. पाळीचा दिवस आला आणि गेला. बाओ म्हणाली होती की गोळीने पुढेमागे होतं, तरी अर्डिसला जेवण जाईना. जन्मभर तिने लोकांच्या दारात उभं राहून गाय गाभण असू दे अशी आशा केली होती. आता ती गाडी चालवताना मोठ्याने उलटं मागत होती.

शेतकरी क्नूट ब्रेकेच्या गोठ्यात गाभ तपासताना तिचा हात खांद्यापर्यंत गाईच्या आत होता तेव्हा खिशातला फोन वाजला. "क्नूट, काढ तो. कानाला लाव माझ्या," ती म्हणाली. क्नूटने हात शर्टाला पुसून फोन काढला आणि तिच्या कानाला धरला.

"अर्डिस," मॅरेन म्हणाली, "आली."

"नक्की?"

"नक्की हो. पोट दुखतंय, पाठ दुखतेय, सगळं दुखतंय. मी इथे स्वयंपाकघरात नाचतेय."

अर्डिसने कपाळ गाईच्या ढुंगणावर टेकवलं. हात आत होता, डोळे पुसता येईनात, म्हणून अश्रू गाईच्या अंगावरच गळत राहिले. गाय शांतपणे रवंथ करत होती.

"काय झालं?" क्नूट घाबरला. "गाय रिकामी आहे का?"

"गाय गाभण आहे तुझी. चांगली तीन महिन्यांची."

"मग रडतेस कशाला?"

"माझी सून रिकामी आहे," अर्डिस म्हणाली. "फोन धर रे नीट, मला अजून बोलायचंय तिच्याशी."